ग्रेको ईजी 500, जुलै 1978: दुरुस्तीच्या नोंदी

11 जानेवारी 2025, शनिवार. निशिकासाई, टोकियो

गिटार घरी आली. जपानी ग्रेको ईजी 500, अमेरिकी गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारच्या घडणीची, गडद तपकिरी सनबर्स्ट (कडेला गडद होत जाणारा रंग). जुन्या वस्तूंच्या दुकानात जंकच्या रॅकमध्ये उभी होती. अशा मालाची दुकान हमी देत नाही आणि परतही घेत नाही, म्हणून नेक (गिटारचा दांडा) सरळ आहे का हे तिथेच डोळ्याला लावून पाहिलं. सरळ आहे. हेडस्टॉक, म्हणजे नेकचं वरचं टोक, कधी तुटून जोडलेला नाही. या जातीच्या गिटारी उताण्या पडल्या की नेमक्या तिथेच मोडतात. या दोन गोष्टी ठीक म्हटल्यावर बाकी सगळं दुरुस्त होतं.

दिसणारे दोष: नेककडचा पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) मधेच जातो. दोन पॉट (नॉबखालचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग) खरखरतात. ट्यूनरची, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्यांची, प्लॅस्टिकची बटणं भुगा होत चालली आहेत. नटचा (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीचा) एक कोपरा उडालाय. पहिल्या तीन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खड्डे आहेत, म्हणजे कुणीतरी ही मनापासून वाजवलेली आहे.

हेडस्टॉकच्या मागचा नंबर 'जी78'ने सुरू होतो. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं मोजत गेलं की जी म्हणजे जुलै, आणि पुढे साल. मॉडेलच्या आकड्यात किंमत लपलेली असते. 500 म्हणजे 50,000 येन. तेव्हा पदवी घेऊन नुकत्याच नोकरीला लागलेल्या जपानी मुलाचा पगार महिना लाखभर येन होता. अर्ध्या पगारात ही यायची. अमेरिकेहून आलेली गिब्सन त्याने दुकानाच्या काचेतून पाहायची.

पक्की झाल्यावर ही पुण्याला भाच्याकडे जाणार आहे. अकरावीत आहे, दोन वर्षं उधारीच्या गिटारवर शिकतोय.

18 जानेवारी

सगळं उघडलं. प्रत्येक स्क्रू कुठला ते लिहून वेगवेगळ्या डब्यांत ठेवला. ढाच्यावरचा मळ लायटरच्या पेट्रोलने निघाला. यावर पॉलीचा, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या वॉर्निशचा, जाड थर आहे, त्याला पेट्रोलने काही होत नाही. खालचा रंग चकचकीत निघाला. पांढऱ्या बाइंडिंगला (कडेने लावलेल्या पट्टीला) आलेला पिवळेपणा मात्र आतपर्यंत मुरलेला आहे. तो घासायचा नाही.

ढाच्याची कड दिव्यासमोर तिरकी धरली की रंगाखालून आडव्या रेषा दिसतात. लाकडाचे थर एकावर एक चिकटवलेले आहेत. बरेच जण हे पाहून नाक मुरडतात, जपान्यांनी पैसे वाचवले म्हणतात. पण 1969 पासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत खुद्द गिब्सन लेस पॉलचे ढाचे असेच थर लावून बनवत होती. ग्रेकोवाल्यांनी समोर जी गिब्सन मिळत होती तिची नक्कल केली, थरांसकट.

आज लाखो डॉलरना विकली जाणारी 1958 ते 1960 ची सनबर्स्ट लेस पॉल त्या वेळी फारशी खपली नव्हती. 1961 मध्ये गिब्सनने तो आकारच सोडला आणि 1968 मध्ये पुन्हा आणला. मधल्या काळात इंग्लंडमधल्या ब्लूज वाजवणाऱ्यांनी जुन्या गिटारींचं सोनं केलं होतं. जपान्यांना हे उशिरा पण नीट कळलं. दशक संपता संपता ग्रेकोची 'सुपर रिअल' मालिका आली. तिने समोरची गिब्सन सोडून वीस वर्षांपूर्वीची गिब्सन डोळ्यांपुढे ठेवली. 1978 ची ईजी 500 या वळणाच्या जरा आधीची आहे.

नेक चिकटवलेला आहे. हे महत्त्वाचं. सत्तरच्या सुरुवातीच्या जपानी लेस पॉल बोल्ट लावलेल्या नेकच्या असत. वरचा फुगवटा प्लायवूड दाबून केलेला आणि त्याखाली पोकळी. कॅटलॉगातले फोटो पाहून गिटार बनवली की ती बाहेरून तशी दिसणारच, आत काय आहे ते फोटोत कुठे कळतं? पाच-सहा वर्षांत ते बोल्टवरून या सांध्यावर आले. पिकअप काढून खाचेत टॉर्च मारला, नेकचा खुंटा खोबणीत घट्ट बसलाय. पोस्टकार्डही सरकत नाही.

26 जानेवारी

भाच्याचा फोन. मित्राने त्याला सांगितलंय की ही 'लॉसूट गिटार' आहे, म्हणजे खटल्यात सापडलेली, म्हणून फार भारी. ह्या शब्दापायी लोक नको तेवढे पैसे मोजतात, म्हणून इथे एकदा नीट लिहून ठेवते.

खटला एकच झाला. 28 जून 1977 रोजी गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात एल्गर या कंपनीवर दावा लावला. एल्गर म्हणजे नागोयाच्या होशिनो गाक्की या कंपनीचं अमेरिकेतलं वितरण, आयबनीझ गिटारी विकणारं. तक्रार हेडस्टॉकच्या वरच्या कडेच्या आकाराबद्दल होती, उघड्या पुस्तकासारख्या. गिटारच्या ढाच्यावर, लाकडावर, आवाजावर दावा नव्हता. गंमत अशी की आयबनीझने तो आकार आधीच बदलायला घेतला होता. 1978 च्या सुरुवातीला प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं.

ग्रेको हा टोकियोच्या कांदा शोकाई या कंपनीचा ब्रँड, मुख्यतः जपानातच विकला जाणारा. तो ह्या खटल्यात नव्हताच. म्हणूनच तडजोड होऊन काही महिने उलटल्यावर बनलेल्या ह्या गिटारवर तोच उघड्या पुस्तकाचा आकार तसाच आहे. तेव्हा ही 'लॉसूट' नाही. ही मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात, आयबनीझ जिथे बनत त्याच हातांनी बनलेली आहे, आणि तेवढी ओळख तिला पुरते.

2 फेब्रुवारी

इलेक्ट्रिकचं काम सुरू. पिकअप उलटे केले. मागच्या पत्र्यावर मॅक्सनचा छाप. हे निश्शिन ओन्पा या कंपनीने केलेले. ह्याच कंपनीने पुढे आयबनीझसाठी ट्यूब स्क्रीमर हे गिटारचा आवाज बदलणारं पेडल बनवलं. मल्टिमीटरवर नेककडचा 7.6 किलोओहम, ब्रिजकडचा 7.8. दोन्ही जिवंत. म्हणजे नेककडचा पिकअप जातो ते वायरिंगमुळे.

शोधायला वेळ लागला नाही. पिकअपच्या वायरीवर जाळीचं आवरण असतं आणि ते पॉटच्या पाठीला सोल्डर केलेलं असतं. तिथला जोड ड्राय सोल्डर निघाला. वरून गोळा दिसतो, पण नख लावलं की हलतो. पॉटची पाठ मोठी असते, उष्णता ओढून घेते. घाईत मारलेला सोल्डर नुसता वर बसतो, धरत नाही. जुना सोल्डर ओढून काढला, पत्रा खरवडला, फ्लक्स लावला, 60 वॅटचं जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न टेकवून आधी पत्रा तापवला आणि मग सोल्डर वाहू दिला. आता धरलंय.

भाच्याचा मेसेज: ''मावशी, उघडलीच आहेस तर सेमूर डंकन लाव ना.'' नाही लावणार. अमेरिकी पिकअप वाईट असतात असं नाही, पण त्याने अजून हे पिकअप ऐकलेलेच नाहीत. सत्तेचाळीस वर्षं चाललेली चीज न ऐकताच काढून टाकायची ही घाई मला पटत नाही. अशा किती ग्रेको मी पाहिल्या आहेत. पिकअप बदललेले, पॉट बदललेले, ब्रिज बदललेला, आणि काहींवर तर हेडस्टॉकवरचं नाव खरवडून गिब्सनचं नाव चिकटवलेलं. शेवटचं ते सरळ खोटेपण आहे. ज्यांनी ती बनवली त्यांचं नाव पुसायचं, आणि ज्यांनी नाही बनवली त्यांचं लिहायचं. ह्या गिटारवर ग्रेको लिहिलंय आणि ग्रेकोच राहणार.

पॉटही तेच ठेवले. कॉन्टॅक्ट क्लीनर आत सोडून शाफ्ट मागेपुढे फिरवत राहिले. तीन साफ झाले, चौथा थोडा खरखरतोय, पुन्हा करीन. बदलायचे म्हटले तरी इथलं माप मेट्रिक आहे, अमेरिकी पॉटला भोक मोठं करावं लागतं. शाफ्टवरचे दातेही वेगळे. जपानीवर कमी, अमेरिकीवर जास्त आणि बारीक, म्हणून जुने नॉबही बसत नाहीत. एक भाग बदलला की तो आणखी तीन बदलायला लावतो.

11 फेब्रुवारी, सुट्टी

तात्पुरत्या तारा लावून अ‍ॅम्पला जोडली. दोन्ही पिकअप बोलतात. पण घरघर आहे, आणि तारांना हात लावला तरी कमी होत नाही. हात लावल्यावर घरघर कमी व्हायला हवी. लोक म्हणतात हम्बकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप, असताना घरघर कशी? हम्बकरमधल्या दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्राची घरघर एकमेकींत कटते. पण वाजवणाऱ्याच्या अंगावर जी विजेची घरघर येते आणि अंगावरून तारांवर, तिच्यावर हम्बकरचं काही चालत नाही. तिला जमिनीला पोचवायला तारा अर्थ केलेल्या लागतात. लेस पॉलमध्ये ती अर्थची वायर टेलपीसच्या (तारांची मागची टोकं धरणाऱ्या पट्टीच्या) खुंटीच्या बुशला, म्हणजे लाकडात ठोकलेल्या धातूच्या नळीला, जाऊन टेकलेली असते.

मल्टिमीटरचं एक टोक जॅकच्या अर्थला, दुसरं टेलपीसला. काहीच नाही. वायर आत कुठेतरी सुटलीय, किंवा काळी पडलीय.

बुश बाहेर काढायचं होतं. पक्कड लावली तर रंगाचे कपचे उडतील. म्हणून खुंटीचा स्क्रू पूर्ण काढला, बुशच्या आत तळाला लोखंडाचा छोटा गज टाकला आणि स्क्रू परत फिरवायला घेतला. स्क्रूचं टोक गजावर टेकलं की त्याला खाली जायला जागा उरत नाही. मग तो फिरता फिरता बुशलाच वर उचलतो. पाव फेरा, थांबायचं, कडेने रंग बघायचा, पुन्हा पाव फेरा. रंगाची कड बुशला चिकटलेली होती, तिथे आधी धारदार सुरीने गोल रेघ मारून घेतली. अर्ध्या तासात बुश वर आलं. वायर शाबूत होती, पण तिचं टोक काळं ठिक्कर, आणि बुशच्या बाजूला हिरवट थर. कुणाचा तरी घाम वर्षानुवर्षं खुंटीवरून आत उतरलाय. दोन्ही घासून तांबं आणि धातू उघडे केले, टोकाची छोटी चकती वळली आणि बुश रबरी हातोडीने परत ठोकून बसवलं. मल्टिमीटर बोलला. तारांवर हात ठेवला, घरघर खाली बसली.

जाता जाता: मघाशी कानाला आलेली घरघर जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या स्वराशी जवळपास जुळत होती. टोकियोची वीज 50 हर्ट्झ, तिचं दुप्पट 100, आणि तो स्वर 98. ही गिटार जिथे बनली त्या मात्सुमोतोत वीज 60 हर्ट्झ आहे. तिथे हीच घरघर ए तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या मधे पडली असती. पुण्यात पुन्हा 50.

23 फेब्रुवारी

ट्यूनर. आतले दाते ठीक आहेत, फक्त बटणं गेलीत. जुन्या प्लॅस्टिकमधला द्रव उडून ते आकसतं आणि चुरा होतं. नवी बटणं आणली, तशाच आकाराची, एपॉक्सीने बसवली. रात्रभर ठेवून दिली. ट्यूनरच नवे घेणं सोपं होतं, पण मग हेडस्टॉकला नवी भोकं आली असती.

8 मार्च. मात्सुमोतो

शिंजुकूहून सकाळची अझुसा एक्स्प्रेस धरली. अडीच तास. फ्रेट बदलायचे की आहेत तेच घासायचे, याबद्दल एका जुन्या कारागिराचं मत हवं होतं. नेकलाही बाइंडिंग आहे, जुनं आणि ठिसूळ. फ्रेट उपटताना ते फुटतं, म्हणून मी एकटी ठरवायला तयार नव्हते.

त्यांचं दुकान नदीजवळ आहे. ओजीसानांनी (म्हणजे त्या कारागीर काकांनी) गिटार हातात घेतली, आधी वजन पाहिलं, मग फ्रेटवरून नखाची पाठ फिरवली. मग कॅलिपर. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटला 0.8 मिमी, वरच्या भागात 1 मिमी. त्यांचा सल्ला स्पष्ट: सगळे एका पातळीला आणून 0.75 उरतील, एवढ्यावर अजून बरीच वर्षं निघतात. नवे फ्रेट तेव्हा घालायचे जेव्हा दुसरा इलाज उरणार नाही. नवव्या फ्रेटचं टोक उचललेलं होतं. त्याखाली पातळ गोंद सोडून त्यांनी लाकडी ठोकळ्याने दाबून धरलं, आणि ते बसलं.

ह्या गावात गिटारी का बनल्या याचं उत्तर गावात फिरताना कळतं. चारी बाजूंना डोंगर, समुद्र लांब, हवा कोरडी. लाकूड वाळवायला अशी हवा लागते. लाकडाचं काम इथे आधीपासून होतं. मात्सुमोकू ही इथलीच कंपनी सिंगरच्या शिलाई मशिनची कॅबिनेटं बनवायची. पुढे तिने आरिया आणि एपिफोनच्या गिटारी बनवल्या. 1987 मध्ये ती बंद पडली. फुजिगेन 1960 मध्ये सुरू झाली, आधी क्लासिकल गिटारी, मग इलेक्ट्रिक. व्हायोलिन शिकवण्याची सुझुकी पद्धतही ह्याच गावातली.

ह्या माणसांच्या कामाचा निकाल शेवटी अमेरिकेनेच दिला. हामामात्सुची तोकाई कंपनी अमेरिकी फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची इतकी हुबेहूब नक्कल करू लागली, आणि ग्रेकोही, की फेंडरने भांडत बसण्यापेक्षा जपानात यायचं ठरवलं. मार्च 1982 मध्ये कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी कंपन्यांबरोबर फेंडर जपान उभी राहिली. गिटारी बनवायचं काम फुजिगेनला. 1985 मध्ये तेव्हाच्या मालक सीबीएसकडून फेंडर विकत घेतली गेली तेव्हा फेंडरचा अमेरिकेतला फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात नव्हता. काही काळ फेंडरच्या नावाच्या बहुतेक गिटारी इथूनच जात होत्या. नक्कल करणारे म्हणून ज्यांना हिणवलं त्यांच्याच हातात अस्सल नाव द्यावं लागलं. हे आठवलं की ग्रेको हातात घेताना मला अभिमान वाटतो.

20 मार्च

फ्रेटचं काम. पिकअपवर टेप चिकटवला. स्टील वूलचे तुकडे चुंबकाला चिकटले की जन्मभर निघत नाहीत. ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक ठरवणारा गज) फिरवून नेक पूर्ण सरळ केला. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळं मार्कर. सपाट पट्टीला 400 नंबरचा सँडपेपर लावून हलक्या हाताने लांबच लांब ओढत गेले. जिथलं काळं आधी जातं तो फ्रेट उंच. बारावा आणि पंधरावा उंच निघाले, पहिले तीन शेवटपर्यंत काळेच होते. सगळीकडचं काळं पुसलं गेल्यावर थांबले. मग फ्रेटफाइलने माथे पुन्हा गोल केले, मधे केसाएवढी काळी रेघ ठेवून. ती रेघ राहिली म्हणजे उंची गेली नाही. शेवटी बारीक कागद आणि स्टील वूल.

फिंगरबोर्ड धुवून तेल लावलं आणि लाकूड जागं झालं. काळसर जांभळी शिसव. साठच्या दशकाच्या शेवटी ब्राझीलने शिसवीच्या ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हापासून जगातल्या बहुतेक गिटारींना भारतीय शिसव लागली. सह्याद्रीतही ती वाढते. आजोळच्या कपाटाच्या दाराला हाच रंग होता.

30 मार्च

नट. बैलाच्या हाडाचा तुकडा, 42.5 मिमी रुंद. सहा खाचा, प्रत्येक तारेच्या जाडीची फाइल वेगळी. खाच हेडस्टॉककडे किंचित उतरती ठेवली, म्हणजे तार पुढच्या कडेलाच टेकते.

12 एप्रिल

10 ते 46 च्या तारा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). नेकला 0.2 मिमी बाक ठेवला, बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची 2 मिमी, बारीकची 1.5. प्रत्येक तारेचा हार्मोनिक (बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून निघणारा सूर) आणि दाबलेला बारावा फ्रेट सूर मोजायच्या यंत्रावर एक येईपर्यंत ब्रिजचे सॅडल (तारा टेकतात ते छोटे ठोकळे) सरकवले. 'जी' सुराची तार नेहमीसारखी हट्टी.

मग वाजवली. नेककडचा पिकअप गोल आहे पण गढूळ नाही. टोन अर्ध्यावर आणला तरी तारेला बोट लागल्याचा आवाज शाबूत राहतो. ब्रिजकडचा अ‍ॅम्प ढकलून दिला तरी कानाला बोचत नाही. दोन्ही एकदम लावून नेककडचा व्हॉल्यूम सातवर ठेवला तर आत एक पोकळ, बोलका स्वर येतो. रात्री उशिरापर्यंत मी तोच वाजवत बसले होते. डंकनची गोष्ट आता कुणी काढू नये.

29 एप्रिल

पॅकिंग. तारा एक सूर ढिल्या केल्या, हेडस्टॉकखाली टॉवेलचा ठोकळा ठेवला. शिसवीवरून विमानतळावर कुणी विचारलंच तर: 2017 मध्ये शिसवीची सगळी जात साइट्सच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आली होती, पण 26 नोव्हेंबर 2019 पासून भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना परवाना लागत नाही. ब्राझिलियन शिसवीला अजून लागतो.

भाच्यासाठी कागद केसमध्ये ठेवलाय. त्यावर वरची सगळी मापं, आणि खाली: माझा अ‍ॅम्प मागू नकोस, तो जपानच्या 100 व्होल्टवर चालणारा आहे. पहिल्या पावसानंतर नेक फुगेल, बाराव्या फ्रेटवरची उंची पुन्हा मोज. 2 मिमीच्या वर गेली तर ट्रस रॉड पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही, एक रात्र थांबून परत मोजायचं. पाना केसच्या छोट्या कप्प्यात आहे. चौथा पॉट अजून थोडा खरखरतो. तो रोज फिरवलास तर हळूहळू साफ होईल.